गुरूचा ताप

माझी भाची पुण्यातल्या एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करते. गेल्या पावसाळ्यात एकदा रात्री अकराला तिचा फोन आला. “मामा, गुरूच्या पृष्ठभागाचं तापमान उणे एकशे पंचेचाळीस की उणे एकशे आठ? दोन गाइडमध्ये दोन उत्तरं दिलीयत.” मी म्हटलं, “अगं, गुरूला पृष्ठभागच नाही.” ती क्षणभर थांबली. “ते माहितीये मला. पण ते पर्यायात नाहीये.”

यावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. उत्तरतालिका करणारे बहुधा तोच आकडा उचलतात म्हणून मी तिला उणे १४५ वर खूण करायला सांगितलं आणि फोन ठेवला. झोप मात्र लागेना. सांगितलं ते खोटं नव्हतं, पण त्या प्रश्नाला उत्तर असतं हे मी मुकाट्याने मान्य केलं होतं. त्या रात्री राहून गेलेलं बोलणं इथे लिहितो आहे.

दोन्ही गाइडमधले आकडे तसे बरोबरच आहेत. गुरूच्या वातावरणात ज्या पातळीवर दाब आपल्या समुद्रसपाटीवरच्या दाबाएवढा असतो, तिथे तापमान साधारण उणे १०८ अंश सेल्सियस असतं. उणे १४५च्या आसपासचा आकडा दुरून बघणाऱ्याचा: अख्खा ग्रह मिळून अवकाशात जेवढी उष्णता सोडतो, तेवढी सोडणारी वस्तू किती थंड असेल, याचा हिशेब. या दोन आकड्यांजवळ आणखी तीन ठेवतो. ढगांच्या पुष्कळ वर, जिथे हवा जवळपास नाहीच, तिथे ४०० अंशांहून जास्त. ढगांच्या खाली, १९९५ साली माणसाने पाठवलेल्या उपकरणाने शेवटची नोंद केली तिथे १५३ अंश. आणि केंद्राशी वीस हजार अंशांच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या तिपटीहून जास्त. एकाच ग्रहाचे पाच आकडे, आणि पाचही खरे. ‘गुरूचं तापमान किती’ हे विचारणं म्हणजे ‘पुणे–सातारा रस्त्याची उंची किती’ असं विचारण्यासारखं आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग थर सांगा आणि थरागणिक तापमान सांगा, झालं. माझा खरा वाद इथेच आहे. शाळेच्या पुस्तकात, तारांगणाच्या भिंतीवर, मुलांच्या ज्ञानकोशात गुरूचं एक ठरलेलं चित्र असतं. कापलेल्या कांद्यासारखा अर्धगोल. बाहेर केशरी पट्टा, त्यावर लिहिलेलं ‘वायू’. आत पिवळा, ‘द्रव हायड्रोजन’. मग निळा, ‘धातुरूप हायड्रोजन’. आणि मधोमध जांभळाच्या बीएवढा काळा गोळा, ‘खडकाळ गाभा’. प्रत्येक रंगाच्या कडेला कंपासने ओढलेली रेघ. ते चित्र सोपं आहे याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार रेघांबद्दल आहे. गेल्या तीस वर्षांत या ग्रहांबद्दल जे कळलं, त्यातलं निम्मं म्हणजे त्या रेघा एकेक करून पुसल्या जाण्याचा इतिहास आहे. आणि त्या पुसल्या गेल्या की तापमानाचा अर्थच बदलतो.

पहिली रेघ वायू आणि द्रव यांच्यामधली. पातेल्यात पाणी उकळत असतं तेव्हा वाफ कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते दिसतं. ही सीमा कुठल्याही पदार्थाला एका ठरावीक तापमानापर्यंतच असते. त्याच्या वर गेलं की कितीही दाबा, वायूचा एकदम द्रव होत नाही, तो फक्त दाट दाट होत जातो. पाण्यासाठी ही हद्द ३७४ अंश सेल्सियस आहे. हायड्रोजनसाठी ती आहे ३३ केल्विन, म्हणजे उणे २४० सेल्सियस. गुरूच्या वातावरणात सगळ्यांत थंड जागासुद्धा शंभर केल्विनच्या वर आहे. म्हणजे गुरूवर हायड्रोजनचा समुद्र आहे, पण त्याला पाण्याची रेषा नाही. दाट धुक्यातून घाट उतरत जावं, पायाला पाणी कुठेच लागू नये आणि बऱ्याच वेळाने आपण पोहतो आहोत हे कळावं, तसं. कुठल्या क्षणी चालणं संपलं आणि पोहणं सुरू झालं, ते सांगता येणार नाही.

घाटाचंच उदाहरण पुढे नेतो, कारण तापमानाची किल्ली तिथे आहे. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलं की हवा गार लागते. सूर्याच्या तर आपण जवळच गेलो, मग गार का? वर दाब कमी, म्हणून वर गेलेली हवा फुगते आणि फुगताना स्वतःची उष्णता खर्च करून थंड होते. उलट खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापते. सायकलमध्ये जोरात हवा भरली की पंपाचं टोक बोटाला चटका देतं, तेही याच कारणाने. तिथे कुणी काही पेटवलेलं नसतं. बाहेरून उष्णता न देता-घेता केवळ दाबामुळे होणाऱ्या या तापण्याला विज्ञानाच्या पुस्तकात ‘रुद्धोष्म’ असा जड शब्द आहे. आपल्याकडच्या घाटात हा उतार किलोमीटरला सहा-साडेसहा अंशांचा पडतो. गुरूच्या ढगांजवळ तो किलोमीटरला सुमारे दोन अंशांचा आहे. कमी वाटतो खरा, पण गुरूची विषुववृत्तीय त्रिज्या ७१,४९२ किलोमीटर आहे. खोलवर हा उतार मंदावत जातो, तरीही संपूर्ण घाट उतरल्यावर तळाशी हजारो अंश साचतात.

हे आज सोपं वाटतं. माणसाला मात्र इथवर यायला शंभर वर्षं लागली, आणि तीही नागमोडी वाटेने. एकोणिसाव्या शतकात रिचर्ड प्रॉक्टरसारख्या लोकप्रिय लेखकांना गुरू हा अजून न विझलेला लहानसा सूर्यच वाटत होता. सततचे बदलते ढग उकळल्याशिवाय कसे येतील, असा त्यांचा तर्क. १९२०च्या दशकात हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी ते उलटवलं. गुरू गरम वायूचा गोळा असता तर एवढ्या काळात निवून गेला असता, तेव्हा तो थंडच असणार, हे त्यांनी मांडलं. आणि ढगांच्या तापमानाच्या मोजमापांनीही वरचा भाग अतिशय थंड असल्याचंच दाखवलं. मग चाळीस वर्षं गुरू ‘थंड ग्रह’ म्हणून नांदला. १९६६ मध्ये फ्रँक लो यांनी अवरक्त किरणांत गुरूकडे पाहिलं तेव्हा हिशेब जमेना: ग्रह सूर्याकडून घेतो त्यापेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकत होता. पृथ्वीची हवा मध्ये येते म्हणून १९६९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बीण छोट्या जेट विमानात चढवली आणि उंचावरून पुन्हा मोजलं. ते खरं निघालं. १९७३ च्या डिसेंबरात पायोनियर १० जवळून गेलं, तेव्हा शंकाही उरली नाही.

मधल्या काळात, १९६८ मध्ये, विल्यम हबर्ड यांनी या जादा उष्णतेवरून जो निष्कर्ष काढला, तो मला सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा वाटतो. एवढी उष्णता आतून बाहेर येते आहे, आणि दाबलेला हायड्रोजन ती नुसत्या वहनाने बाहेर पोचवू शकत नाही. म्हणजे आतला पदार्थ स्वतः हलत असला पाहिजे; गरम वर, गार खाली, भाताच्या आधणासारखा. आणि पदार्थ असा घुसळत असेल, तर तापमान घाटाच्या त्याच उतारावरून खाली जात असणार. म्हणजे ढगांशी एक तापमान मोजा, उतार ओढा, आणि केंद्रापर्यंत जा. त्या उतारावर हायड्रोजन कुठेच गोठत नाही; ग्रह आतपर्यंत प्रवाही राहतो. ढगांवरच्या एका मोजमापातून सत्तर हजार किलोमीटर खोलीचं चित्र. इतकं मोठं अनुमान इतक्या थोड्या भांडवलावर क्वचितच उभं राहिलं असेल. या भांडवलाकडे मी पुढे परत येणार आहे, कारण त्यातली एक नोट आता खोटी निघण्याच्या बेतात आहे.

ही उष्णता येते कुठून, हे आधी सांगायला हवं. गुरूला ‘अयशस्वी तारा’ म्हणण्याची एक वाईट खोड आपल्याकडच्या लेखांनाही लागली आहे. तारा होऊन हायड्रोजन पेटवायला गुरूच्या जवळपास ऐंशी पट वस्तुमान लागतं. ऐंशीत एक मार्क मिळालेल्याला ‘थोडक्यात हुकलं’ कुणी म्हणत नाही. गुरूच्या आत काही जळत नाही. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी तो जमला तेव्हा आजूबाजूचा वायू आणि धूळ त्याच्यावर कोसळली, त्या कोसळण्याची ऊर्जा उष्णता होऊन आत अडकली, आणि तेव्हापासून तो ती बाहेर सोडतो आहे. सोडता सोडता किंचित आक्रसतो, आक्रसल्यामुळे पुन्हा थोडा तापतो, आणि चालू राहतो. एकदा मिळालेल्या वारशावर चाललेलं घर आहे हे. कॅसिनी यान शनीकडे जाताना २००० च्या अखेरीस गुरूजवळून गेलं. त्याच्या नोंदी नीट तपासून २०१८ मध्ये जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यानुसार सूर्याकडून आलेला एक रुपया गुरू शोषतो तेव्हा दोन रुपये तेरा पैसे खर्च करतो. म्हणजे त्याच्या खर्चातला निम्म्याहून मोठा वाटा वडिलोपार्जित आहे. आपल्याकडे गुरुबळ पाहणाऱ्यांना हे आवडेल की गुरू घेतो त्यापेक्षा देतो जास्त. पण तो देतो ते अवकाशाला, लग्न जुळवायला नाही.

म्हणून गुरूचं तापमान हे मला वर्णनापेक्षा जमाखर्च वाटतं. किती मिळालं होतं, किती संपलं, कुठे अडकून पडलं. आणि आतली रचनासुद्धा त्या जमाखर्चातून घडते. याचा सर्वांत चांगला पुरावा शनीकडे आहे.

शनीचा हिशेब लावला तर तो आज दिसतो तेवढा उजळ असायला नको. साध्या निवण्याच्या गणिताने आजच्या अवस्थेला तो दोन-अडीच अब्ज वर्षांतच पोचायला हवा होता. मग उरलेली वर्षं त्याने कशावर काढली? साडेसातीला घाबरणाऱ्या समाजात शनीची आर्थिक चौकशी करायला कुणी धजावलं नाही, ती एड्विन सॅलपीटर आणि डेव्हिड स्टीव्हन्सन यांनी केली. १९७७ मध्ये त्यांनी तपशीलवार मांडलं की आत खोलवर हेलियमचा पाऊस पडत असणार. मोरावळ्याच्या बरणीच्या तळाशी काही महिन्यांनी साखरेचे खडे बसतात, ते आठवा. पाक गरम असताना सगळी साखर त्यात सुखाने विरघळलेली असते. निवला की मावत नाही, मग ती वेगळी होऊन खाली बसते. धातुरूप हायड्रोजनात हेलियमचं तसंच होतं. ग्रह तापलेला असेपर्यंत दोघं एकजीव. पुरेसा निवला की हेलियमचे थेंब सुटतात आणि जड म्हणून खाली पडू लागतात. पडताना त्यांची ऊर्जा पुन्हा उष्णता होते. शनी गुरूपेक्षा लहान, म्हणून आधी निवला, म्हणून त्याचा पाऊस आधी आणि जोरात सुरू झाला. थंड होणं हेच इथे नव्या उष्णतेचं कारण ठरलं. २०२१ मध्ये रॉचेस्टरच्या लेसरवर हायड्रोजन-हेलियमचं आधीच दाबलेलं मिश्रण आणखी चिरडून शास्त्रज्ञांनी ते वेगळं होत असल्याच्या खुणा प्रत्यक्ष दाखवल्या.

गुरूवर हा पाऊस पडतो का? इथे १९९५ चं ते उपकरण कामाला येतं. गॅलिलिओ मोहिमेचं ३३९ किलोचं लहान यान ७ डिसेंबर १९९५ रोजी सेकंदाला ४७ किलोमीटरच्या वेगाने गुरूच्या वातावरणात शिरलं. उष्णतेपासून वाचवणाऱ्या कवचाचा मोठा भाग काही मिनिटांत वाफ होऊन गेला. मग पॅराशूट उघडलं, आणि पुढचा जवळपास तासभर, म्हणजे ५८ मिनिटं, ते खाली जात राहिलं आणि वरून जाणाऱ्या मुख्य यानाला बातम्या कळवत राहिलं. दाब वाढत गेला, तापमान बरोबर घाटाच्या उताराने वाढत गेलं. बावीस वातावरणांच्या दाबाला, १५३ अंशांवर, आवाज बंद झाला.

त्याने मोजलेल्या गोष्टींत दोन वायू कमी पडले. हेलियम सूर्य घडला त्या मूळ ढगात होता त्यापेक्षा थोडा कमी. आणि निऑन मात्र जेमतेम दहावा भाग. निऑनने काय घोडं मारलं? तो कशाशी संयोग पावत नाही, ढगात बसत नाही, गोठत नाही. पण निऑन हेलियमच्या थेंबात हायड्रोजनपेक्षा सहज विरघळतो. पाऊस पडत असेल तर निऑन त्याच्याबरोबर वाहून जाणार. दीडशे किलोमीटर खोलीवरच्या हवेत एक वायू कमी असल्याची नोंद, आणि त्यावरून त्याच्या कित्येक पट खाली काय चाललंय याचा सुगावा. घरात न शिरता दारातल्या चपलांवरून आत किती पाहुणे आहेत ते ओळखण्याची कला ही.

त्याच यानाने एक फजितीही करून ठेवली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्याला पाणी जवळपास मिळालंच नाही. नंतर उमगलं की ते गुरूवरच्या मोजक्या कोरड्या, ढगविरळ पट्ट्यांपैकी एका ठिकाणी पडलं होतं. मे महिन्यात माणदेशात उतरून पृथ्वी कोरडी असल्याचं कळवावं, तसं झालं. आंबोलीत जुलैमध्ये उतरलं असतं तर अहवाल वेगळा आला असता. पुढे जुनो यानाने विषुववृत्ताजवळ भरपूर पाणी नोंदवलं तेव्हा हे प्रकरण काहीसं सावरलं.

दुसरी रेघ, साध्या आणि धातुरूप हायड्रोजनमधली. युजीन विग्नर आणि हिलार्ड हंटिंग्टन यांनी १९३५ मध्ये भाकीत केलं होतं की पुरेशा दाबाखाली हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन मोकळे होऊन तो धातूसारखा वागेल. १९९६ मध्ये लिव्हरमोर प्रयोगशाळेत द्रव हायड्रोजनच्या पातळ थरावर गोळी आदळवून त्याला क्षणभर चौदा लाख वातावरणांचा दाब आणि सुमारे तीन हजार केल्विन तापमान दिलं गेलं, तेव्हा त्यातून धातूसारखी वीज वाहिली. गुरूचं प्रचंड चुंबकत्व इथूनच येतं. पण गुरूच्या आत एवढी उष्णता आहे की हा बदल एका पातळीवर खटकन होत नाही, हजारो किलोमीटरच्या जाडीत हळूहळू होतो. रेघ पुन्हा नाहीच.

तिसऱ्या रेघेची गोष्ट सगळ्यांत रंजक. नारळ घेताना आपण तो कानाशी धरून हलवतो आणि आत पाणी किती ते ओळखतो. जुनोने तेच केलं, फक्त नारळ हलवायची गरज नव्हती. तो आपणहून दहा तासांच्या आत एक गिरकी घेतो. या वेगाने गुरू कमरेला फुगतो, ध्रुवाकडची त्रिज्या मधल्यापेक्षा साडेचार हजार किलोमीटरहून जास्त कमी पडते. किती फुगतो आणि फुगल्यामुळे त्याचं गुरुत्व कुठे किती ओढतं, हे आत जड माल कसा रचलाय यावर ठरतं. २०१६ च्या जुलैपासून जुनो लांबुळक्या कक्षेतून पुन्हा पुन्हा ढगांच्या अगदी जवळून जाऊ लागलं. प्रत्येक वेळी त्याच्या वेगात पडणारा अतिसूक्ष्म फरक, सेकंदाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचा, रेडिओ संदेशाच्या सुरात ऐकला गेला. २०१७ मध्ये पहिलं गणित आलं ते सगळ्यांनाच बुचकळ्यात टाकणारं होतं. काळा, घट्ट, कडेला रेघ असलेला गाभा त्यात बसेना. जड मूलद्रव्यं हायड्रोजनात विरघळून, पातळ होत होत, त्रिज्येच्या जवळपास निम्म्यापर्यंत पसरलेली दिसत होती. जांभळाची बी नव्हतीच. वरणातला हिंग होता.

शनीने चार वर्षांनी दुजोरा दिला, आणि तोही फारच नामी पद्धतीने. कलिंगडवाला टिचकी मारून आवाज ऐकतो. शनीला टिचकी कोण मारणार? पण शनी स्वतःच थरथरतो. दर एक-दोन तासांनी त्याचा बाहेरचा भाग साधारण मीटरभर वरखाली होतो. या थरथरीचं गुरुत्व त्याच्या कड्यांना जाणवतं आणि आतल्या ‘सी’ कड्यात चक्राकार लाटा उठतात. कॅसिनीने त्या लाटा टिपल्या होत्या. २०२१ मध्ये क्रिस्टोफर मॅन्कोविच आणि जिम फुलर यांनी त्या वाचल्या, तर शनीचाही गाभा अस्पष्ट कडेचा, आणि त्रिज्येच्या साठ टक्क्यांपर्यंत पसरलेला निघाला. कडं म्हणजे शनीभोवती ठेवलेलं भूकंपमापकच. मला राहून राहून याचं नवल वाटतं की जी गोष्ट चारशे वर्षं आपण शोभेसाठी बघितली, ती पोटातली बातमी देत होती.

आता हबर्डांच्या त्या भांडवलाकडे. सगळं अनुमान उभं आहे ते एका गृहीतावर: आतला पदार्थ मनसोक्त घुसळतो आहे. पण गाभा जर असा हळूहळू दाट होत जाणारा असेल, तर तिथे घुसळण कशी होणार? १९९०च्या दशकात कच्छमध्ये भुजला एक सौर तळं होतं. त्याच्या गरम पाण्यावर तिथली दूध डेअरी चालायची. तळ्याच्या तळाशी दाट मिठाचं पाणी, वर जावं तसं कमी खारट. ऊन तळापर्यंत जाऊन खालचं पाणी तापवायचं. साध्या तळ्यात तापलेलं पाणी वर येतं आणि उष्णता हवेत जाते. इथे खालचं पाणी तापूनही मिठामुळे जडच राहायचं, म्हणून वर यायचं नाही. वर गार, खाली चटके, आणि मधला खारटपणाचा उतार गोधडीसारखा. गुरू-शनीच्या आत तेच घडत असेल, तर उष्णता खाली दबून राहिली असणार आणि केंद्राचं तापमान घाटाच्या साध्या उतारावरून निघणाऱ्या आकड्यापेक्षा बरंच वर असू शकतं. जेरेमी लकाँत आणि जिल शाब्रिए यांनी तर २०१३ मध्ये असंही मांडलं की शनीची जादा चमक हेलियमच्या पावसाशिवाय, केवळ अशा अडकलेल्या आणि उशिरा सुटणाऱ्या उष्णतेने समजावता येते. मला पावसाचा पुरावा जास्त भक्कम वाटतो, निऑनमुळे. पण दोन्ही एकदम घडायलाही काही आडकाठी नाही.

म्हणजे ‘वीस हजार अंश’ हा मी सुरुवातीला ठामपणे दिलेला पाचवा आकडा इतर चारांसारखा नाही. तो रचनेबद्दलच्या समजुतीवर तरंगतो. रेघ असलेला गाभा मानला तर एक तापमान, विरघळलेला मानला तर दुसरं.

भाची विचारेल, मग चित्रात काढायचं काय? रास्त प्रश्न. शिकवताना काहीतरी सोपं करावंच लागतं, आणि ‘सगळं हळूहळू बदलतं’ एवढं वाक्य कुणाच्या लक्षात राहत नाही. तरी माझा आग्रह आहे की पायऱ्यांऐवजी उतार काढावा: एका अक्षावर खोली, दुसऱ्यावर तापमान, आणि त्या वाकड्या रेषेवर ‘इथे ॲल्युमिनियम वितळून गेलं असतं’ अशा खुणा. रंगीत थरांचं चित्र मुलाला सांगतं की ग्रह हा डब्यात डबा ठेवावा तसा रचलेला आहे. उताराचं चित्र ‘का’ विचारायला लावतं: उतार इथे अचानक वाकला का? तिथे उष्णता अडकली का?

असं विचारल्यावरच युरेनसचं कोडं दिसतं. युरेनस आणि नेपच्यून आकाराने भाऊभाऊ. नेपच्यून सूर्यापासून दीडपट लांब, त्याला ऊनही निम्म्याहून कमी, तरी दोघांचं बाहेरून मोजलेलं तापमान जवळपास सारखंच, ५९ केल्विन. नेपच्यून घेतो त्याच्या अडीचपटीहून जास्त देतो. युरेनसबद्दल व्हॉयेजर २ च्या १९८६ च्या भेटीनंतर समज असा की तो जवळजवळ काहीच देत नाही. २०२५ मधल्या नव्या हिशेबांनी तो जादा वाटा बारा-पंधरा टक्के दाखवला, तरी भावाच्या मानाने तो कंजूसच. गुपचूप कुठेतरी गोधडी आहे, की वारसा आधीच उधळला गेला? थरांच्या चित्रात हे दोघं हुबेहूब दिसतात.

आणि दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे तापलेले गुरू तर थरांच्या चित्रात बसतच नाहीत. गॅलिलिओचं यान उतरायच्या जेमतेम दोन महिने आधी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवती चार दिवसांत फेरी मारणारा महाग्रह जाहीर केला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या दुर्बिणीवरून २०२१ मध्ये जाहीर केलेला टीओआय १७८९ बी हाही त्याच जातीचा. वस्तुमान गुरूच्या सत्तर टक्के, आकार मात्र गुरूच्या १.४ पट. कमी माल आणि मोठं भांडं! आत उष्णता ठासून भरलेली असल्याशिवाय असा ग्रह फुगत नाही. त्याच्या आत कुणी उतरणार नाही. त्याची फुगलेली त्रिज्या हाच त्याचा तापमापक.

गुरूत उतरलेल्या त्या यानाचं पुढे काय झालं, हे मी त्या रात्री भाचीला सांगायला हवं होतं. संदेश थांबला म्हणजे यान थांबलं नव्हतं. खाली अडवायला काही नव्हतंच. घाटाच्या उतारावरून गणित केलं तर आधी पॅराशूट वितळलं असणार. मग ६६० अंशांच्या पातळीवर ॲल्युमिनियमचे भाग ओघळले असतील. टायटॅनियमचं कवच आणखी काही तास टिकलं असेल, १,६६८ अंशांपर्यंत, म्हणजे ढगांच्या बरंच खाली, हायड्रोजन पुरता दाट झालेला असतो तिथवर. शेवटी तेही थेंब झालं, थेंबांची वाफ झाली, आणि ती वाफ आता गुरूबरोबर घुसळते आहे.